बीपीडी आणि पालक : संशोधनाचा प्रश्न कुठून सुरू करायचा?

मानसशास्त्राच्या किंवा समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना संशोधनासाठी विषय सुचवा म्हटलं, की एक शीर्षक हमखास येतं : ‘पालकत्वाच्या पद्धतीचा किशोरवयीन मुलांच्या व्यक्तिमत्त्व विकारावर होणारा परिणाम’. ऐकायला बरं वाटतं. पण नीट बघा, त्यात उत्तर आधीच बसलेलं आहे. ‘पालकत्वाचा परिणाम’ म्हणताना बाण पालकांकडून मुलाकडे जातो, हे आपण काहीही मोजण्याआधीच ठरवून टाकलेलं असतं.

आज बॉर्डरलाईन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे बीपीडी, ह्या एका विकाराच्या निमित्ताने हा बाण तपासून बघूया. हा नुसता पद्धतीचा वाद नाही. आपण प्रश्न कसा विचारतो, ह्यावर एखादं कुटुंब उपचारात टिकतं की निघून जातं, हे बऱ्याचदा अवलंबून असतं.

आधी एक घर डोळ्यांसमोर आणा

समजा, १६ वर्षांची एक मुलगी आहे. आईने अर्धा तास फोन उचलला नाही, तर चाळीस मेसेज येतात. घरी आल्यावर ‘तू मला मुद्दाम टाळतेस’ म्हणून आरडाओरडा, दार आपटणं. रात्री तीच मुलगी आईच्या कुशीत येऊन रडते आणि म्हणते, ‘मला सोडून जाऊ नकोस.’ जिवलग मैत्रीण आज देवी, उद्या शत्रू. एक दिवस आईला तिच्या हातावर जखमा दिसतात.

आई तिला फॅमिली डॉक्टरकडे नेते. ते म्हणतात, ‘वयच असं आहे.’ मामी म्हणते, ‘दृष्ट काढा.’ शाळेतून निरोप येतो, ‘लाडावून ठेवलीय.’ शेवटी एक समुपदेशक भेटतात, त्यांचा पहिला प्रश्न : ‘घरात काही झालं होतं का?’ प्रश्न चुकीचा नाही. तो विचारावाच लागतो. पण आधीच सगळ्यांची बोलणी खाऊन आलेल्या आईला तो आरोपासारखा ऐकू येतो, आणि पुढच्या वेळी ती येत नाही. मुलगी एकटी थोडीच येणार? उपचार तिथेच संपतो.

हे घर काल्पनिक आहे, पण ह्यातला एकेक प्रसंग ओळखीचा वाटावा इतका नेहमीचा आहे.

बीपीडी म्हणजे नक्की काय?

‘बॉर्डरलाईन’ हा शब्द १९३८ साली अडॉल्फ स्टर्न ह्या मनोविश्लेषकाने अशा रुग्णांसाठी वापरला, जे त्या काळच्या ‘न्यूरोसिस’ आणि ‘सायकोसिस’ ह्या दोन्ही खणांत नीट बसत नव्हते. म्हणजे नाव पडलं ते डॉक्टरांच्या वर्गीकरणाच्या सीमारेषेवरून. त्यामुळे ‘बॉर्डरलाईन म्हणजे थोडासाच आजार’ असा अर्थ कुणी काढत असेल, तर तो पूर्ण चुकीचा आहे. १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-३ ह्या पुस्तिकेत बीपीडी अधिकृत निदान म्हणून आलं.

आज डीएसएममध्ये ९ निकष आहेत आणि त्यांतले किमान ५ लागतात : सोडून जातील ह्याची तीव्र भीती, टोकाची चढउतार असलेली नाती, स्वतःबद्दलची अस्थिर प्रतिमा, घातक उतावीळपणा, स्वतःला इजा करणं किंवा आत्महत्येचे प्रयत्न, वेगाने बदलणाऱ्या भावना, सततचं रितेपण, अनावर राग, आणि ताणाखाली येणारा तात्पुरता संशय किंवा तुटलेपणा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये मांडणी वेगळी आहे. तिथे आधी व्यक्तिमत्त्व विकाराची तीव्रता ठरवतात आणि मग ‘बॉर्डरलाईन पॅटर्न’ अशी जोड देता येते. तुम्ही दोन अभ्यासांची तुलना करत असाल, तर निदान कुठल्या पुस्तिकेनुसार केलंय, हे पहिल्यांदा बघा.

दोन गैरसमज इथेच दूर करूया. पहिला : १८ वर्षांखाली हे निदान करताच येत नाही. तसं नाही. डीएसएमनुसार लक्षणं किमान एक वर्ष टिकलेली असतील, तर किशोरवयातही निदान करता येतं. १८ वर्षांची सक्त अट आहे ती समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकारासाठी. दुसरा : मूड सारखा बदलतो म्हणजे बायपोलर. बायपोलरमधला उन्मादाचा किंवा नैराश्याचा काळ दिवस-आठवडे चालतो. बीपीडीत भावना काही तासांत पालटू शकतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा नात्यातला एखादा प्रसंग असतो. दोन्ही एकाच व्यक्तीत असूही शकतात, म्हणून हा फरक इंटरनेटवरची यादी वाचून न करता मानसोपचारतज्ज्ञाकडून करून घ्यावा.

बाण कुठून कुठे जातो?

बीपीडी असलेल्या प्रौढांना लहानपणाबद्दल विचारलं, तर अत्याचार, मारहाण, दुर्लक्ष ह्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळतं. हे खरं आहे आणि गंभीर आहे. एखाद्या मुलावर अत्याचार होत असेल, तर त्याला सुरक्षित करणं हे पहिलं काम. पण ह्या माहितीवरून ‘बीपीडी आहे, म्हणजे आईवडिलांनी काहीतरी केलं असणार’ असा उलटा निष्कर्ष निघत नाही. अत्याचार झालेल्या सगळ्यांना बीपीडी होत नाही, आणि बीपीडी असलेल्या सगळ्यांवर अत्याचार झालेला नसतो.

शिवाय अनुवंशाचा भाग आहे. स्वीडनमधल्या सुमारे १८ लाख लोकांच्या नोंदींवर केलेल्या अभ्यासात बीपीडीची अनुवंशिकता ४६ टक्क्यांच्या आसपास आली. इथे विद्यार्थी नेहमी घसरतात, म्हणून सांगतो : ह्याचा अर्थ ‘एका मुलीचा आजार ४६ टक्के जनुकांमुळे’ असा होत नाही. त्या लोकसंख्येत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला साधारण तेवढा भाग जनुकीय फरकांशी जोडता येतो, इतकंच.

आता सगळ्यात महत्त्वाचा अभ्यास. पिट्सबर्ग गर्ल्स स्टडी हा अमेरिकेतला दीर्घकालीन प्रकल्प आहे. त्यातल्या २,४५१ मुलींची १४ ते १७ ह्या वयातली दरवर्षीची माहिती घेऊन स्टेफनी स्टेप आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली विश्लेषण केलं. दर वर्षी तीन गोष्टी होत्या : मुलीची बीपीडीची लक्षणं, पालकांच्या कठोर शिक्षा, आणि पालकांच्या वागण्यातला कमी झालेला जिव्हाळा. माहिती वर्षावर्षाची असल्यामुळे ‘आधी काय वाढलं आणि नंतर काय’ हे बघता आलं.

काय दिसलं? दोन्ही गोष्टी एकमेकींच्या जोडीने चालतात, हे दिसलंच. पण एखाद्या वर्षी मुलीची लक्षणं वाढली, की पुढच्या वर्षी पालकांचा कठोरपणा वाढतो आणि जिव्हाळा कमी होतो, ह्याला काही प्रमाणात आधार मिळाला. उलट दिशेला, म्हणजे पालक कठोर झाले म्हणून पुढच्या वर्षी लक्षणं वाढली, ह्याला फारसा आधार मिळाला नाही.

लगेच ‘बघा, पालक निर्दोष!’ म्हणून उडी मारू नका. अभ्यास १४ व्या वर्षापासूनचा आहे. त्याआधीच्या दहा-बारा वर्षांबद्दल तो काही सांगत नाही. पण एक गोष्ट पक्की झाली. हीच माहिती एका वर्षी एकदाच गोळा केली असती, तर ‘कठोर पालक आणि जास्त लक्षणं’ असा सहसंबंध मिळाला असता आणि आपण पालकांना दोषी ठरवून मोकळे झालो असतो. एकदाच काढलेल्या फोटोवरून गाडी पुढे जातेय की मागे, हे कळत नाही.

लहान अभ्यास, मोठा धक्का

आणखी दोन अभ्यास सांगतो. दोन्ही लहान आहेत, पण गृहीतकं हलवणारे.

घरच्यांची टीका, वैरभाव आणि अतिगुंतवणूक मोजण्याची एक जुनी पद्धत आहे. स्किझोफ्रेनियात ह्या गोष्टी जास्त असतील, तर आजार उलटण्याचं प्रमाण वाढतं, हे अनेकदा दिसलंय. जिल हूली आणि पेरी हॉफमन ह्यांनी १९९९ साली बीपीडीच्या ३५ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला. टीका किंवा वैरभावावरून पुन्हा भरती होण्याचा अंदाज बांधता आला नाही. आणि ज्यांच्या घरचे भावनिकदृष्ट्या अतिगुंतलेले होते, ते रुग्णालयात कमी वेळा परतले! ज्याला आपण ‘फारच चिकटून असतात’ म्हणून नावं ठेवतो, ते सोडून जाण्याची भीती वाटणाऱ्या माणसाला आधारासारखं लागत असेल का? ३५ जणांवरून उत्तर मिळत नाही, पण एका आजारातलं ज्ञान दुसऱ्यावर जसंच्या तसं लावू नये, एवढं नक्की कळतं.

दुसरा अभ्यास हॉफमन आणि सहकाऱ्यांचा, २००३ सालचा, ३२ कुटुंबीयांचा. अपेक्षा अशी, की ज्यांना बीपीडीची माहिती जास्त, त्यांच्यावरचा ताण कमी. निघालं उलटं : माहिती जास्त असलेल्यांमध्ये ओझं आणि नैराश्य जास्त. का बरं? मुलाची अवस्था जास्त वाईट म्हणून त्यांनी जास्त वाचलं असेल. किंवा त्यांनी जे वाचलं तेच घाबरवणारं असेल. नुसती माहितीपत्रकं वाटून भागत नाही, हा इशारा मात्र त्यातून मिळाला.

आरोपीच्या पिंजऱ्यातून उपचाराच्या खोलीत

बीपीडीच्या उपचारांत सगळ्यात जास्त अभ्यासली गेलेली पद्धत म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, डीबीटी. ती मार्शा लिनेहन ह्यांनी घडवली. त्यांची पहिली यादृच्छिक नियंत्रित चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. डीबीटी घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्वतःला इजा करणं आणि रुग्णालयात राहण्याचे दिवस कमी झाले, आणि त्या उपचारात जास्त टिकल्या. २०११ साली लिनेहन ह्यांनी जाहीरपणे सांगितलं, की १७ व्या वर्षी त्या स्वतः मनोरुग्णालयात भरती होत्या आणि स्वतःला इजा करत होत्या.

लिनेहन ह्यांचा जैव-सामाजिक सिद्धांत समजून घ्या, कारण पालकांबद्दलची भाषा इथे बदलते. काही मुलं जन्मतः भावनांच्या बाबतीत हळवी असतात : भावना लवकर येते, जोरात येते आणि उतरायला वेळ लागतो. अशा मुलाला घराकडून, शाळेकडून सतत ‘एवढं काय त्यात?’ ऐकावं लागलं, तर भावना ओळखायची आणि सांभाळायची कशी, हे तो शिकत नाही. तो मोठ्याने ओरडतो, घर जास्त वैतागतं, आणि चक्र चालू राहतं. इतर भावंडांना पुरेसं असलेलं घर ह्या मुलाला पुरत नाही, असंही होऊ शकतं. त्यात कुणी खलनायक असावाच लागत नाही.

पुढे अलेक मिलर आणि जिल रेथस ह्यांनी किशोरवयीन मुलांसाठी डीबीटीचं रूप तयार केलं. त्यात पालक मुलांच्या बरोबर कौशल्यगटात बसतात आणि तीच कौशल्यं शिकतात. नॉर्वेत लार्स मेहलम ह्यांनी ७७ मुलांवर केलेल्या चाचणीत (२०१४) १९ आठवड्यांच्या ह्या उपचाराने स्वतःला इजा करण्याचं प्रमाण नेहमीच्या सुधारित उपचारापेक्षा जास्त घटलं. अमेरिकेतल्या १७३ मुलांच्या चाचणीत (२०१८) सहा महिन्यांच्या उपचाराअखेरीस डीबीटी सरस ठरली, पण वर्षअखेरीस दोन गटांतला फरक ठळक राहिला नाही. दुसऱ्या गटातली मुलंही सुधारली होती. प्रबंधात लिहिताना फक्त सहा महिन्यांचा आकडा देऊन थांबू नका.

फक्त कुटुंबीयांसाठीही एक कार्यक्रम आहे : ‘फॅमिली कनेक्शन्स’. ॲलन फ्रुझेटी आणि हॉफमन ह्यांनी तो तयार केला. १२ आठवडे चालतो, आणि तो घेणारेही बहुधा प्रशिक्षण घेतलेले कुटुंबीयच असतात. २००५ सालच्या पहिल्या अभ्यासात ४४ कुटुंबीयांमध्ये ओझं आणि दुःख कमी झालं, ‘मी हे निभावू शकतो’ ही भावना वाढली. त्यात तुलनागट नव्हता, हे तुम्ही आत्तापर्यंत विचारलंच असेल!

ह्या सगळ्यांत पालक प्रत्यक्ष काय शिकतात? मुख्य कौशल्य आहे व्हॅलिडेशन. मराठीत सांगायचं तर, भावनेची दखल घेणं. मुलीने रागाने ताट भिरकावलं. ‘एवढ्याशावरून काय तमाशा? आमच्या वेळी असलं काही नव्हतं,’ हे एक उत्तर. ‘मैत्रिणींनी ग्रुपमधून काढलं, तुला फार एकटं वाटलं असणार. कुणालाही वाटेल. पण ताट फेकणं मला चालणार नाही. आपण जरा शांत झालो की बोलू,’ हे दुसरं. दुसऱ्यात भावना मान्य आहे, वागणं मान्य नाही. दखल घेणं म्हणजे शरण जाणं नव्हे, हे पालकांना कळायला वेळ लागतो, आणि सराव तर खूपच लागतो.

उपचार शोधायचा कसा?

संशोधन करणाऱ्याला हा भाग माहीत असायलाच हवा. मुलाखत संपली, की पालक टेप बंद व्हायची वाट बघून विचारतात, ‘मग आम्ही जायचं कुठे?’

आधी औषधांबद्दल. बीपीडीसाठी म्हणून मान्यता मिळालेलं एकही औषध नाही. ब्रिटनमधल्या २७६ रुग्णांच्या चाचणीत (२०१८) लॅमोट्रिजिनचा वर्षभरानंतर काही फायदा दिसला नाही. सोबत नैराश्य किंवा दुसरा आजार असेल, तर त्यासाठी औषधं लागू शकतात आणि ती डॉक्टरांना न विचारता बंद करायची नसतात. पण मुख्य उपचार बोलण्याचा आहे.

पूर्ण डीबीटीचे चार भाग असतात : वैयक्तिक सत्रं, कौशल्यगट, अडचणीच्या क्षणी फोनवर मार्गदर्शन, आणि थेरपिस्टांची आपसातली सल्लामसलत. हे सगळं एका छताखाली आपल्याकडे सहज मिळत नाही. मग हातावर हात ठेवून बसायचं का? इथे ऑस्ट्रेलियातली मेलबर्नची चाचणी कामाची आहे. अँड्र्यू चॅनन आणि सहकाऱ्यांनी १५ ते २५ वयाच्या १३९ जणांना तीन गटांत विभागलं. एका गटाला खास सेवा आणि खास थेरपी, दुसऱ्याला खास सेवा आणि साध्या मैत्रीपूर्ण गप्पा, तिसऱ्याला तरुणांसाठीची सर्वसाधारण मानसिक आरोग्य सेवा आणि तशाच गप्पा. वर्षभराने तिन्ही गट सुधारले होते, आणि त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. उपचार अजिबात नाही, असा गट त्यात नव्हता, तेव्हा सगळं श्रेय सेवेलाच देता येत नाही. तरी लवकर ओळखणं आणि नीट बांधलेली, टिकून राहणारी सेवा देणं, ह्यालाच मोठं मोल असावं, असं त्यातून दिसतं. नावाजलेली थेरपी मिळेपर्यंत थांबण्यापेक्षा जवळचा समजूतदार तज्ज्ञ गाठलेला बरा.

महाराष्ट्रात ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर आणि रत्नागिरी इथे शासकीय मनोरुग्णालयं आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतो. गोव्यात बांबोळीला संस्था आहे. मानसोपचारतज्ज्ञ औषधं देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ थेरपी देतात, आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. ती विचारायला संकोच नको. आणखी चार प्रश्न पालकांनी विचारावेत : ह्या वयाच्या, स्वतःला इजा करणाऱ्या मुलांबरोबर तुम्ही काम केलंय का? उपचार साधारण किती काळ आणि कसा चालेल? रात्री अपरात्री संकट आलं तर काय करायचं? आणि आम्ही, पालकांनी, काय शिकायचं?

संकटाबद्दल स्पष्ट बोलूया. ‘आत्महत्येबद्दल विचारलं तर तिच्या डोक्यात घालू,’ ही भीती अनेक आईवडिलांना असते. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांतल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर हे तपासलं गेलंय (२००५). आत्महत्येबद्दल प्रश्न विचारल्यामुळे त्रास किंवा तसे विचार वाढले नाहीत. म्हणून शांतपणे, सरळ विचारावं. घरातल्या गोळ्या आणि शेतीच्या घरात कीटकनाशकं कुलुपात ठेवावीत. जिवाला धोका वाटला, तर मुलाला एकटं न सोडता जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावं. १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो. ‘पोलीस केस होईल’ म्हणून काही घरं रुग्णालय टाळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं मानलं जातं आणि तिला शिक्षा होत नाही. तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे.

आणि आशेबद्दल? मेरी झानारिनी ह्यांनी १९९२ साली अमेरिकेतल्या मॅकलीन रुग्णालयातले बीपीडीचे २९० रुग्ण घेऊन पाठपुरावा सुरू केला. १० वर्षांत ९३ टक्के जणांची लक्षणं किमान दोन वर्षं निकषांखाली राहिली. मात्र नोकरी-शिक्षण आणि नाती ह्यांसकट पूर्ण सावरलेले निम्मेच होते. म्हणजे वादळ बहुतेकांचं शमतं, घर पुन्हा उभारायला मात्र मदत लागते.

तुमच्या प्रस्तावाकडे परत

आता ते पहिलं शीर्षक पुन्हा वाचा. वर सांगितलेले उपचारांचे अभ्यास अमेरिका, नॉर्वे, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इथले आहेत. त्यांत ‘पालक’ म्हणजे बहुधा आई किंवा वडील. आपल्या घरात आजी असते, काका असतो, आणि ‘दखल घेणारी’ व्यक्ती कदाचित आईऐवजी आजी असते. मग तुमची प्रश्नावली आजीला कुठे बसवणार? मुलीच्या लक्षणांनी आईचा आवाज कसा बदलत गेला, हे कोण विचारणार? निदान होण्याआधी कुटुंब किती दारं हिंडलं आणि कुठल्या दारावर त्यांनी पाऊल मागे घेतलं, हा एक सबंध प्रबंध होऊ शकतो.

असा प्रश्न घेतलात, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाला बरोबर घ्या, नैतिकता समितीची परवानगी घ्या, आणि मुलाखतीत कुणाच्या जिवाचा धोका समोर आला तर काय करायचं, हे लिहून ठेवा. अल्पवयीन मुलीसाठी पालकांची संमती लागते, आणि तिची स्वतःचीही होकारार्थी मान हवीच.

आणि त्या काल्पनिक आईला तुम्ही भेटलात, तर पहिला प्रश्न असा विचारून बघा : ‘आतापर्यंत तुम्ही काय काय करून बघितलंत?’ ‘घरात काही झालं होतं का?’ हा प्रश्न त्यानंतरही विचारता येईल. तोपर्यंत ती खुर्चीत बसलेली असेल.